ताटीची बखर

पंचांगकर्त्यांनी गुढीपाडव्यापासून होळीपर्यंत सगळे सण बिनचूक छापले, पण भंडारा जिल्ह्यातला एक सण त्यांच्या नजरेतून सुटला आहे. तो म्हणजे कूलर काढण्याचा दिवस. याला तिथी नाही. होळी जळाली, वैनगंगेचे पात्र आखडून वाळू चमकू लागली आणि दुपारच्या झोपेत उशी दोनदा उलटावी लागली, की हा सण आला असे समजावे. 'कूलर काढणे' हा शब्दप्रयोगही पाहण्यासारखा आहे. पुण्याचा माणूस कूलर लावतो. म्हणजे ज्याच्याकडे असेल तो. मुंबईकराचा तर प्रश्नच नाही, तिथल्या दमट हवेत कूलर लावला तर खोलीत प्रत्यक्ष पाऊस पडायचा तेवढा बाकी राहतो. आम्ही मात्र कूलर काढतो. गणपतीचे मखर माळ्यावरून काढावे, तसा. मखर निदान उभे तरी राहते.

आठ-नऊ महिने कोपऱ्यात गोणपाट पांघरून बसलेल्या कूलरची अवस्था काय वर्णावी! टाकीच्या तळाला गंजाचे नकाशे उमटलेले असतात. पंख्याच्या पात्यावर कुंभारणीने मातीचे घर बांधलेले असते. पंप जाम, ताट्या क्षाराने पापडासारख्या कडक, आणि वायरीचे टोक उंदराने चाखून नापसंत केलेले. अशा वेळी "मेकॅनिकला बोलवा," असे सुचवणारी व्यक्ती घरात एकच असते आणि तिचे ऐकण्याची प्रथा नाही. कारण आमच्याकडचा प्रत्येक पुरुष जन्मतः मेकॅनिक असतो. पक्कड, काळी पट्टी आणि टेस्टर या तीन वस्तूंवर त्याचा भरवसा. त्यातही टेस्टर. तो त्याने खिशाला लावला, की घरातली लहान मुले आपोआप मागे सरकतात.

मेकॅनिक न बोलावण्याला कंजूषपणा म्हणणारे लोक आहेत. त्यांना इतिहास ठाऊक नाही. कूलर हे यंत्रच नव्हे, ते एक भिजवलेले दार आहे. आणि आपल्या घराचे दार आपण दुरुस्त करायचे नाही तर कुणी? हे मी विनोदाने म्हणत नाही. ताटी हा शब्दच बघा. मुक्ताबाईंचे ताटीचे अभंग तेराव्या शतकातले. रुसून आत बसलेल्या थोरल्या भावाची समजूत धाकट्या बहिणीने बाहेरून घातली, ही त्यामागची कथा. तिथे ताटी म्हणजे झोपडीचे कुडाचे दार. आमच्याकडे कूलरच्या तीन अंगांना गवत भरून ज्या चौकटी लावतात, त्यांना आजही ताट्याच म्हणतात. नागपूरला कॉलेजात शिकून आलेली मुले 'पॅड' म्हणतात खरी, पण दुकानात जाऊन "पॅड द्या" म्हटले तर दुकानदार जागचा हलत नाही. "ताट्या द्या" म्हटले की उठतो.

दाराला पाणी मारून घर गार करण्याची युक्ती कुणी काढली ते सांगणे कठीण. ती लिहून ठेवली मात्र बादशाही थाटात. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त वाळ्याचा उल्लेख केला आहे. बांबूच्या चौकटीत वाळ्याच्या सुगंधी मुळ्या बसवायच्या, त्यांवर पाणी टाकायचे, म्हणजे ऐन उन्हाळ्यात हिवाळा अवतरतो, असे तो सांगतो. हा प्रकार बादशहाच्या हुकमाने रूढ झाला, हेही सांगायला तो विसरत नाही. नोकरीत ते करावेच लागते. पाणी टाकणारा कोण होता, हे मात्र त्याने लिहिलेले नाही. हे एवढे ध्यानात असू द्या. पुढे लागणार आहे.

मग इंग्रज आले. त्यांना आपला उन्हाळा मुळीच मानवला नाही, पण ताटी मानवली. १८८६ साली 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा कोश निघाला, हिंदुस्थानात राहून साहेबाच्या तोंडात बसलेल्या देशी शब्दांचा. त्यात आपली ताटी 'टॅटी' होऊन दिमाखात बसली आहे. तिच्या शेजारीपाजारी आणखी एक भारदस्त शब्द आहे: 'थर्मँटिडोट'. म्हणजे उष्णतेवरचा उतारा. सर्पदंशावर असतो तसा. १८३०-३२च्या सुमारास निघालेले हे यंत्र होते तरी काय? कोशकारांनीच सांगून टाकले आहे, की हे धान्य उफणण्याचे यंत्र असून ते खिडकीत बसवायचे आणि भोवती ओल्या ताट्या लावायच्या!

हे वाचल्यापासून भंडारा जिल्ह्याबद्दल माझा आदर दुणावला. आमचा जिल्हा धानाचा. खळ्यात सूप वर धरून वाऱ्यावर धान उफणणारी बाई इकडे शतकानुशतके उभी आहे. उफणणीचा हातपंखाही घरोघरच्या ओळखीचा. त्या पंख्यासमोर ओले गवत धरायचे तेवढे कुणाला सुचले नाही. साहेबाला सुचले आणि त्याने त्याला ग्रीक नाव दिले. आपल्याकडे शोध लागतात, बारसे तेवढे राहून जाते.

या उताऱ्याचे हँडल फिरवायला एक माणूस लागे आणि ताट्या ओल्या ठेवायला दुसरा. मध्य प्रांत १८६१ साली झाला. पुढे प्रांताचे सरकार उन्हाळ्यात पचमढीच्या डोंगरावर जाऊन बसू लागले. खाली जिल्ह्याच्या गावी जे साहेब मागे उरत, ते दुपारभर ताटीआड पडून राहत, आणि ताटीच्या बाहेर, उन्हात, भिश्ती पाणी शिंपडत उभा असे. म्हणजे बघा, गारवा आत आणि पाणी मारणारा बाहेर. बादशाही गेली, कंपनी सरकार गेले, राणीचे राज्य आले, पण ताटीची ही रचना काही बदलली नाही.

आता थोडे शास्त्र, कारण शास्त्राशिवाय दुरुस्ती म्हणजे नुसता आवाज. एक लिटर पाणी वाफ होऊन उडते तेव्हा साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता बरोबर घेऊन जाते. ही उष्णता ते हवेतून घेते, म्हणून हवा गार होते. एक टनाचा एसी तासाला ३०२४ किलोकॅलरी उष्णता बाहेर टाकतो. भागाकार करून बघा: तेच काम सव्वापाच लिटर पाणी करते, तेही कसलाही रुबाब न दाखवता. अट एकच, हवा कोरडी हवी. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४वर आणि हवेतली आर्द्रता पंधरा-वीस टक्क्यांवर असली, म्हणजे चांगल्या ताटीतून २७-२८ अंशांची हवा येते. तीच ताटी जुलैत लावली तर अंथरूण ओले आणि अंग चिकट, एवढाच लाभ. आणि आत आलेल्या ओल्या हवेला बाहेर जायला वाट हवी. कूलर लावून बाकी दारे-खिडक्या घट्ट बंद करणारे पाहुणे दर उन्हाळ्यात येतात. ते सांगून ऐकत नाहीत. दोन तासांनी त्यांच्या चेहऱ्यावर इडलीची कळा आली, की आपण जाऊन खिडकी उघडावी.

या ताटीला विजेचा पंखा आणि छोटा पंप जोडला, की झाला डेझर्ट कूलर. अमेरिकेत ॲरिझोना-कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी मुलखात १९३०च्या दशकात असे डबे घरोघर दिसू लागले. तिथे वाळा कुठला? त्यांनी लाकडाचा बारीक कीस काढून तो ताटीत भरला. तोच कीस पुढे आमच्याकडे 'कूलरचे गवत' या नावाने आला. गवत नसून लाकूड, तरी गवत. आमच्या आळीत पहिला कूलर आला तेव्हा कोराडीचे वीजकेंद्र, १९७४ साली सुरू झालेले, नवेनवे होते आणि वीज जाण्याची आम्हाला सवय होती. कूलर ज्यांच्या घरी आला त्यांच्याकडे त्या उन्हाळ्यात आळीतल्या सगळ्यांना अभ्यासातल्या शंका येऊ लागल्या. मास्तर होते बिचारे. त्यांनाही वाटले, पोरे हुशार झाली.

त्या कूलरची खरी गंमत अशी, की तो कुठल्या एका कारखान्यात जन्मलेला नव्हता. पत्र्याचा डबा एका लोहाराचा, पंखा दुसऱ्या दुकानातला, पंप तिसऱ्या, लोखंडी घोडी वेल्डिंगवाल्याची. भंडारा हे पितळी भांड्यांचे गाव. गावाचे नावच 'भाणे' या शब्दावरून पडले असे सांगतात. भांड्याला कल्हई लावून, ठोके काढून, बूड बदलून ते तीन पिढ्या वापरायचे, ही इथली रीत. लोकांनी कूलरलाही भांड्याचाच न्याय लावला. माझ्या एका नातेवाइकांकडे १९८४ सालच्या लग्नात आंदणात आलेला कूलर आहे. त्याचा पंखा दोनदा बदलला. पंप किती बदलले याची मोजदाद नाही. खालची टाकी गंजून गळू लागली तेव्हा नवी बसवली, पुढे टाकीला शोभत नाही म्हणून वरचा डबाही नवा केला. ताट्या तर दरसाल. घोडी तेवढी मूळची होती, तिचेही दोन पाय मागच्या वर्षी वेल्डिंगवाल्याने नवे दिले. तरी "हा माझ्या बाबांनी दिलेला कूलर," असे वहिनी म्हणतात आणि दादांना ते चाळीस वर्षे मान्य करावे लागते. मूळच्या कूलरमधले आता हे वाक्यच काय ते शिल्लक आहे.

ही सवय कूलरपुरतीच होती असे नाही. आमचा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेले जुने तलाव गावोगाव आहेत आणि पावसाळ्याआधी पाळ दुरुस्त करणे, गाळ काढणे ही गावाने मिळून करायची कामे होती. ३१ मार्च १९५१ला मालगुजारी गेली, ती जायलाच हवी होती. पण तिच्याबरोबर तलाव सरकारचे झाले आणि गाळ काढायला लोक खात्याची वाट पाहू लागले. गाळ काही वाट पाहत नाही. तलावाची सुटली ती सवय कूलरच्या बाबतीत मात्र टिकली. कूलरसाठी अजून खाते निघालेले नाही.

आता प्रत्यक्ष दुरुस्ती. कूलरच्या दुखण्यात सर्वांत मजेदार दुखणे कंडेन्सरचे. पंखा नुसता गुणगुणतो, फिरत नाही. आमचे साडू तुमसरहून आले होते. त्यांच्या समक्ष हे झाले आणि त्यांनी लगेच बाह्या सरसावल्या. आम्ही दोघे दुकानात गेलो.

"काय झालं जी?" दुकानदाराने विचारले.

"पंखा फिरत नाही," साडू म्हणाले. "मोटर गेली असं दिसतं. नवीन मोटर दाखवा."

"थांबा ना जी. काडीनं ढकलला तं फिरते?"

"फिरतो."

"मंग मोटर कायले घेता? कंडेन्सर गेला. अडीचचा होता का चारचा?"

हजार-दीड हजाराची मोटर विकायची सोडून शंभराच्या आतला कंडेन्सर देणारा हा दुकानदार अर्थशास्त्राच्या कुठल्याच पुस्तकात बसत नाही. पण त्याचे निदान शंभर टक्के खरे. अशा मोटरीला पहिला धक्का देण्याचे काम कंडेन्सर करतो. तो गेला, की मोटर जागी असते पण उठत नाही. सुट्टीच्या दिवशीच्या गृहस्थासारखी. कुणीतरी ढकलले की चालू लागते, आणि ज्या दिशेला ढकलाल त्या दिशेला. साडूंनी कंडेन्सर बसवला, पण त्याची एक वायर भलत्या तारेला जोडली. पंखा फिरला, जोरात फिरला, उलटा फिरला. खोलीतली हवा ताटीतून बाहेर रस्त्यावर जाऊ लागली. आम्ही आत घामाघूम आणि बाहेर कूलरपाशी एक म्हैस येऊन डोळे मिटून उभी राहिली. साडू म्हणाले, "हवा चांगली फेकतो आहे." म्हशीचेही मत तेच असावे.

इथपर्यंत सगळे हसण्यासारखे आहे. दुरुस्ती झाली, काळी पट्टी गुंडाळली, घरधनी हात धुऊन आडवा झाला. मघाशी जो प्रश्न ध्यानात ठेवायला सांगितला होता, तो इथे येतो. ताटीवर पाणी कोण टाकतो?

पंप आला तेव्हा वाटले, भिश्ती सुटला. पण पंप टाकीतले पाणी वर नेतो, टाकीत पाणी आणत नाही. मे महिन्यात कूलर दिवसाला पन्नास-साठ लिटर पाणी सहज पितो. नळ पहाटे येतो, आणि बादली घेऊन, ओल्या जमिनीवर, बहुधा अनवाणी, कूलरची पाठची ताटी बाजूला करून पाणी ओतणारे माणूस घरोघर ठरलेले असते. ते टेस्टर खिशाला लावत नाही. थोडक्यात, कूलर उघडतो एक आणि त्याला दिवसातून तीनदा हात लावते दुसरीच.

विदर्भातल्या वर्तमानपत्रांत दर उन्हाळ्यात एक बातमी येते. चार-पाच ओळींची असते. कूलरमध्ये पाणी भरताना विजेचा धक्का लागून मृत्यू. कधी गृहिणी, कधी शाळकरी पोर. गाव बदलते, वय बदलते, ओळी त्याच. वीज मंडळाच्या जागी २००५ साली महावितरण आले. महावितरणही उन्हाळ्यात पत्रके काढते, की कूलर बंद करून, प्लग काढून मगच पाणी भरा, अर्थिंग नीट ठेवा. बातमीत गावाचे नाव असते, मृताचे असते, पोलीस ठाण्याचे असते. कूलर कुणी दुरुस्त केला होता ते नसते.

मी पुष्कळ घरच्या कूलरांच्या वायरी पाहिल्या आहेत. त्यातल्या किती तरी ठिकाणी वायरीतली तिसरी तार, हिरवी, प्लगमध्ये जोडलेलीच नसते. "भिंतीत दोनच भोकं आहेत," हे त्याचे उत्तर. किंवा जोडलेली असते, पण भिंतीतला अर्थ पुढे कुठेच जात नाही, प्लास्टरमध्ये संपतो. कूलर त्यावाचून उत्तम चालतो, हीच मोठी फसवणूक आहे. हिरव्या तारेवाचून न चालणारा पंखा कुणी काढला असता तर ही बातमी कधीच बंद झाली असती. पंपाच्या वायरीचे आवरण फाटले, की पत्र्याच्या डब्यात २३० व्होल्ट येऊन शांत बसतात. कूलर तसाच गार हवा देत राहतो. हिरवी तार धड असेल तर ती वीज जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. नसेल तर ती डब्यातच वाट पाहते.

"फ्यूज आहे ना!" असे म्हणणारे भेटतात. पाच अँपिअरचा फ्यूज पाच अँपिअरवरही लगेच उडत नाही. माणसाचा जीव जायला अँपिअरचा लहानसा अंश पुरतो. म्हणून माणसाला वाचवणारे जे यंत्र हल्ली मीटरपेटीत बसवता येते, ते तीस मिलिअँपिअरवर तुटेल असे बनवलेले असते. पाच अँपिअर म्हणजे त्याच्या दीडशे पटींहून जास्त. फ्यूज वायरीची काळजी घेतो, माणसाची नाही. तसेच बटणाचे. जुन्या घरांत वायरमनने घाईत बटण उलट्या तारेवर बसवलेले असते; बटण बंद, पंखा बंद, आणि पंपात वीज हजर. म्हणून बटणावर विसंबायचे नाही. प्लग काढून हातात घ्यायचा.

अहमदाबादच्या सिम्फनी कंपनीचा जन्म १९८८चा. तिच्यासारख्यांचे प्लास्टिकचे कूलर आता आमच्याकडेही आले आहेत. त्यांचा डबा वीज धरत नाही, हे खरे आणि चांगले. मधाच्या पोळ्यासारख्या त्यांच्या ताट्या काही उन्हाळे टिकतात. पण ते उघडायचे म्हटले तर अर्धा दिवस स्क्रू शोधण्यात जातो, आणि नुसता पंप मागायला गेले तर "या मॉडेलचा मिळणार नाही," असे उत्तर येते. आंदणातला कूलर असा कधी हट्टाला पेटला नाही. आणि पत्र्याचे कूलर अजून हजारोंनी घोड्यांवर उभे आहेत, ते चटकन जाणारही नाहीत. तेव्हा पंप बदला, कंडेन्सर बदला, साडूंना बोलवा, म्हशीला हवा द्या. फक्त हिरवी तार आधी जोडा आणि मग बाकीचे. ती ज्या खड्ड्यात जाते तो वायरमनकडून तपासून घ्या. हे काम टेस्टर लावलेल्या जावयाचे नव्हे.

त्या खड्ड्याबद्दल एक गोष्ट वायरमनने सांगितल्यावर मला कळली. अर्थिंगचा खड्डा मीठ-कोळसा घालून भरलेला असतो आणि त्याची माती ओली असेपर्यंतच तो वीज नीट पोटात घेतो. चैत्र-वैशाखात जमीन भेगाळली, की तोही सुकतो; म्हणजे कूलर चालण्याच्या नेमक्या दिवसांत. त्यालाही पाणी घालावे लागते. आमच्या अंगणात तो तुळशीच्या मागे आहे. ती बादली माझ्याकडे आहे. नवतपा लागला की एक दिवसाआड, पहाटे नळ आल्यावर.